वहिनींनी डिश बदलली

वहिनींचा जन्म गाड्यांच्या सीटांना कव्हरं शिवण्यात गेला. बसच्या, ट्रकच्या, एकदा तर शववाहिकेतल्या ड्रायव्हरच्या सीटलाही त्यांनी कव्हर शिवलं होतं. नवरा बसड्रायव्हर. तरुणपणी सायकलच्या शर्यती गाजवायचा, म्हणून सगळे त्याला सायकलभाऊ म्हणत, आणि भाऊंची बायको म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी. लेकीचं लग्न झालं तसा दोघांनी फ्लॅट विकला आणि जुनी मोटारहोम घेतली. भाऊंनी इंजिन खोलून पुन्हा बसवलं, वहिनींनी आतल्या गाद्या शिवल्या. हिवाळा अशा राहत्या गाड्या उभ्या करायच्या समुद्रकाठच्या गाडीतळावर, उन्हाळा डोंगरात, असं मजेत चाललं होतं.

मग भाऊंना झटका आला. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. स्टिअरिंग वहिनींच्या हातात आलं आणि भाऊंच्या वाट्याला टीव्ही. छपरावर लाल डिश होती, तिच्यावर जगभरच्या सायकल शर्यती दिसायच्या. चढावर एखादा गडी घोळक्यातून सुटला की भाऊंचा डावा हात मांडीवर थाडथाड आपटायचा. वहिनी ओट्यापाशीच उभ्या राहून म्हणायच्या, "कळलं, कळलं! मांडी फोडून घ्याल."

वर्षातली सगळ्यांत मोठी शर्यत ऐन डोंगराच्या टप्प्यात आली होती आणि पडदा काळा झाला. सेवा बंद करण्यात आली आहे, एवढीच ओळ. फोनवर कोणी धड बोलेना, तेव्हा वहिनींनी गाडी डोंगरातून खाली आणली, भाऊंना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि थेट समुद्रकाठच्या गावातली डिश कंपनीची शाखा गाठली.

शाखाप्रमुखाचे बूट चकाचक होते. समोरच्या माणसाकडे न बघता तो कॉम्प्युटरशीच बोलत होता.

"या पत्त्यावर तुम्ही राहत नाही."

"तो फ्लॅट आम्ही विकला. डिश कुठेही न्या, असं तुमच्याच माणसाने सांगितलं होतं."

"नवीन पत्ता द्या, लगेच चालू करतो."

"गाडीचा नंबर लिहून घ्या. आम्ही तिथेच राहतो."

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाला, "ही गाडीत राहणारी माणसं म्हणजे भटकी कुत्री. आज या खांबापाशी, उद्या त्या."

भाऊंनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा पकडला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. जोर लावून लावून मान लाल झाली, पण बाहेर आली ती नुसती घरघर. मागच्या टेबलावर कोणीतरी फिस्सकन हसलं. वहिनींनी पदराने भाऊंच्या तोंडाची लाळ पुसली आणि खुर्ची वळवली.

लेक फोनवर म्हणाली, "माझा पत्ता दे ना, आई. विषय संपेल."

"माझं घर माझ्या बुडाखाली आहे. तुझा पत्ता कशाला देऊ?"

त्यांनी दुसरी कंपनी शोधली. तिला पत्ता नको होता; बॉक्स विकत घ्यायचा आणि रिचार्ज मारायचा. पण पांढरी डिश छपरावर चढेपर्यंत शर्यत संपून गेली होती. कोण जिंकलं ते वहिनींनी वाचून दाखवलं. भाऊ खिडकीबाहेर बघत राहिले. पुढच्या वर्षीची शर्यत यायच्या आधीच ते गेले.

नवी डिश बसवायला आलेल्या कारागिराला वहिनींनी चहा पाजून पाजून सगळं विचारून घेतलं होतं. डिश कोणत्या दिशेला धरायची, किती कलती करायची, तिच्या तोंडाशी असलेला छोटा डबा किती फिरवायचा. गाडी हलली की हे सगळं नव्याने करावं लागतं, त्यामुळे हात बसायला वेळ लागला नाही.

हिवाळ्यात त्या एकट्याच गाडीतळावर परतल्या. रांगेतल्या बहुतेक छपरांवर लाल डिशा होत्या. वहिनींनी त्या एका टोकापासून मोजून काढल्या.

पहिली पाळी शेजारच्या गाडीतल्या दातांच्या निवृत्त डॉक्टरांची.

"डॉक्टर, तुमची डिश बदलून देते. फुकट."

"फुकट? आणि त्यात तुम्हाला काय मिळतं, वहिनी?"

"एकच अट. जुना बॉक्स कंपनीचा, तो परत करायचा; पण कुरियरने नाही पाठवायचा. स्वतः शाखेत जायचं, साहेबाच्या टेबलावर ठेवायचा आणि मोठ्याने सांगायचं, आम्ही गाडीत राहतो, म्हणून तुमची डिश नको."

डॉक्टरांना भाऊंची हकिगत माहीत होती. ते गेले, आणि जाताना पलीकडच्या गाडीतल्या दोघी नर्स बहिणींनाही घेऊन गेले. मग तळावर लाटच आली. वहिनी सकाळी साडी खोचून शिडीवर चढायच्या आणि लाल डिशा उतरवायच्या. खाली म्हातारे आणि म्हाताऱ्या काखेत बॉक्स मारून शाखेच्या वाटेला लागायचे. कोणी काठी टेकत, कोणी कुत्रं घेऊन. नर्स बहिणींनी तर शाखेत शिरताच विचारलं होतं, "भटक्या कुत्र्यांची रांग कोणती?"

लेक भेटायला आली आणि चिडली. "आई, पुरे कर. बाबांना हे आवडलं नसतं."

"बाबांना काय आवडलं असतं ते मला विचार. त्या दिवशी त्यांना बोलता आलं नाही, एवढंच."

एका दुपारी शाखाप्रमुख स्वतःच तळावर आला. वाळूने बूट भरले होते. वहिनींनी त्याला आत घेतलं आणि भाऊंच्या जागेवर बसवलं. समोर बंद टीव्ही होता.

"काकू, वरून मला जाब विचारतायत. तुमची काय तक्रार आहे ती सांगा, मी मिटवतो."

"आठवत नाही तुला?"

त्याने वहिनींकडे नीट पाहिलं. त्याला खरंच आठवत नव्हतं. वहिनींनी त्याला त्याचे शब्द जसेच्या तसे ऐकवले. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"नियम कंपनीचा होता, काकू."

"नियम कंपनीचा. कुत्रं तुझं."

तो माफी मागायला लागला. वहिनी ऐकत होत्या, हातातल्या गादीला टाके घालत होत्या. त्याचं बोलून संपलं तेव्हा त्यांनी दोरा दाताने तोडला. "ज्यांची मागायची ते ऐकायला नाहीत. ऊठ आता."

दार लावून घेतल्यावर त्या ओट्याला टेकून कितीतरी वेळ हसल्या. मग हसता हसता रडल्या, आणि तोंड धुऊन पुन्हा शिडीवर चढल्या.

हिवाळा सरता सरता शाखेला कुलूप लागलं. कंपनीने गाडीवाल्यांसाठी खास योजना काढली. तिचं पत्रक वहिनींनी खिडकीच्या काचा पुसायला वापरलं. शाखाप्रमुखाचं काय झालं, ती बातमी डॉक्टरांनी आणली. त्याला साधा विक्रेता करून डोंगराच्या पायथ्याच्या गावात पाठवलं होतं. आता तो दारोदार लाल डिशा विकत फिरत होता.

"झालं ना समाधान?" डॉक्टरांनी विचारलं.

वहिनींनी मोबाइलवर नकाशा उघडला. "त्या गावात गाडीतळ आहे का हो?"

डॉक्टर मोठ्याने हसले. मग त्यांनी वहिनींचं तोंड पाहिलं आणि हसायचे थांबले.

"आहे," ते म्हणाले. "नदीकाठी. चांगला मोठा आहे."

"मग चाकाखालचे ठोकळे तेवढे काढून द्या," असं म्हणत वहिनी शिडी छपरावर बांधायला लागल्या.