मआमीरच्या कॅम्पातली दुपार

देवरुखच्या स्टँडवर आईने माझी बॅग एसटीच्या टपावर टाकू दिली नाही. मांडीवर घेऊनच बस, म्हणाली. गाडी हलली तशी ती खिडकीबरोबर चालत आली. "परक्या मुलखात कुणाच्या भानगडीत पडू नको." सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी वेल्डर म्हणून बहारीनला निघालो होतो.

गावात तुम्हा सगळ्यांना वाटायचं, पोरगा तेलाच्या देशात सुखात आहे. मीही पत्रांत तसंच लिहायचो. प्रत्यक्षात मआमीरजवळच्या कॅम्पात पत्र्याच्या खोल्या, खाटेला खाट लागलेली, आणि पाण्याचा टँकर दोन टोळ्यांच्या ताब्यात. मधे कुणी घुसला तर सळईचा मार. एका टोळीचा म्होरक्या बाबल, मालवणकडचा. आपल्या मुलखाची बोली बोलायचा, आपला म्हणून टोळीत ओढेल याची मला जास्तच भीती वाटायची.

एका शुक्रवारी भर दुपारी टँकरपाशी चाकू चालला. दुसऱ्या टोळीतला सेल्वम, मद्रासकडचा, धावत आमच्या खोलीत शिरला आणि जाधवमामांच्या खाटेवर कोसळला. मांडीतून रक्त वाहत होतं. मामा वाईकडचे, कंपनीच्या पिकअपवर ड्रायव्हर. त्यांनी माझ्याकडे पंचा फेकला, घट्ट आवळ म्हणाले, आणि स्वतः दारात जाऊन बसले.

बाबल माणसं घेऊन आला. सगळ्यांच्या हातात सळया.

"मामानू, बाजूक व्हा. तुमच्याशी माझा वैर नाय."

"पोरगं माझ्या खाटंवर पडलंय," मामा म्हणाले. "त्याला दवाखान्यात न्हेऊ दे. मग मी हितंच हाय."

बाबलने सळई मामांच्या कानाजवळ पत्र्यावर हाणली. मामा हलले नाहीत. माझ्या हाताखालचा पंचा भिजत चालला होता. आईचं वाक्य आठवलं, खोटं कशाला सांगू. तरी सेल्वमचे हात पंच्यावर दाबून ठेवले आणि मामांच्या शेजारी जाऊन बसलो. मग समोरच्या खोलीतला मल्याळी स्वयंपाकी आला, त्याच्यामागून एकेक करून खोल्यांच्या ओळीतली सगळी माणसं येऊन बसली. आत सेल्वम "अम्मा, अम्मा" करत होता.

बाबलने बसलेल्या सगळ्यांवर नजर फिरवली आणि सळई खाली केली. मग तिकडच्या अरबीत "खलास", म्हणजे संपलं, एवढंच पुटपुटला आणि माणसांना घेऊन मागे फिरला.

मामांनी पिकअप अशी हाकली की मनामाच्या दवाखान्यापर्यंत मी डोळे मिटूनच होतो. सेल्वम वाचला, पाय मात्र अधू झाला. दोन्ही टोळ्यांच्या म्होरक्यांना पोलिसांनी धरलं आणि मायदेशी धाडलं. मामाही पुढे वाईला परतले, आणि तिथेच वारले. ती बातमी कळली तेव्हा सेल्वम आणि मी शिफ्ट सोडून समुद्रावर नुसते बसून राहिलो.

आता बहारीनमध्येच, मुहर्रकला, आमचा फ्लॅट आहे. माझी मुलगी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते. सेल्वम दर शुक्रवारी बायकोला घेऊन जेवायला येतो.

गेल्या रजेत देवरुखला आई बॅगेत आमसुलं भरत होती. सेल्वमच्या बायकोसाठी तिने वेगळी पुडी बांधली. मी जन्मलो त्याच घराच्या ओटीवर आम्ही उभे होतो. चेन ओढता ओढता ती म्हणाली, "घरी पोचलास की पत्र टाक."

ती सहज बोलून गेली, आणि मीही सहज हो म्हणालो.