माझा वार गुरुवार

लेकीच्या क्लाससाठी उदगीर सोडून मी लातूरला एका खोलीत राहायला आले, तेव्हा त्या मजल्यावर माझ्यासारख्याच आणखी तिघी आया होत्या. चार दारं, चार शेगड्या, चार कुकर. शिट्ट्यासुद्धा एकदमच व्हायच्या. पोरं क्लासला जायची ती जेवलेली, झोप झालेली, इस्त्रीच्या कपड्यांतली. क्लासवाले फी घ्यायचे, खोलीवाला भाडं घ्यायचा. आमच्या राबण्याला मात्र माया म्हणायचे. आमच्या भुसार दुकानात हमालानं पोतं उचललं की हमाली मिळते. तेच मी घरात उचललं की संसार. मला याचा राग यायचा, पण कणीक मळता मळता तो जिरून जायचा.

अर्धापूरची शेजारीण एक दिवस म्हणाली, "चौघी चारदा वरण कामून शिजवून राहिलो? एकीनं करावं, तिघींनी लोळावं."

आम्ही वार वाटून घेतले. माझ्याकडे गुरुवार आला. ज्याचं ताट त्यानं धुवायचं, एवढाच कायदा.

मग दुपार नावाची गोष्ट मला पहिल्यांदा भेटली. गच्चीवर टाकीच्या सावलीत मी पडायची. कुठल्याशा दालमिलमधून तुरीचा वास यायचा, वाळत घातलेल्या साड्या हलायच्या, आणि अर्धवट झोपेत मी उदगीरच्या किल्ल्याच्या तटावरून चालत असायची, रिकाम्या हातांनी. हात रिकामे असण्यात इतकं सुख असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

एका मंगळवारी आमचे मालक, म्हणजे लेकीचे वडील, न सांगता आले. थेट गच्चीवर.

"भर दुपारी काय करून राहिलीस?"

"काही न्हाई."

जन्मभर हेच उत्तर देत आले, हात कणकेत असतानाही. त्या दिवशी तेवढं ते खरं होतं.

"कामच न्हाई तर मग इथं कशाला? चल घरी. पोरीला डबा लावू."

दुपार हातची चालली. उठून पाणी आणायला पाय आपोआप निघालेच होते. मी पायांना थांबवलं.

"माझा वार गुरुवार हाय," मी म्हणाले. "आज अर्धापूरच्या बाईंनी केलंय. खाली झाकून ठेवलंय, घ्या वाढून. ताट आपलं आपणच धुवायचं असतं."

ते वळले. मग जिना उतरून गेले.

संध्याकाळच्या एसटीनं ते एकटेच परत जाणार होते, पण ते मला तेव्हा कुठं ठाऊक? तरी मी पुन्हा आडवी झाले. खाली भांडं वाजलं. बऱ्याच वेळानं नळ सुटला. त्यांनी ताट धुतलं की नुसते हात, ते बघायला मी उठले नाही.