हिवरखेडच्या पोरीचं माहेरपण

संस्थेचा इतिहास लिहून देशील का, असं विचारल्यावर मी लगेच हो म्हटलं. मला तिचे वाभाडे काढायचे होते. अमरावतीतल्या त्या दोन खोल्यांच्या कुटुंब सल्ला केंद्रावर मी आधीच पत्रक काढलं होतं. 'मार खाणाऱ्या बाईला पुन्हा त्याच चुलीपाशी बसवणारे समाजसेवक!' असा मथळा. ते काकूंनी वाचलं होतं. काकू म्हणजे संस्था काढणाऱ्या चौघींपैकी उरलेल्या एकट्या. तरी काम मलाच दिलं.

"तुले राग येते ना, मंग तू खोटं लिवणार नाई," एवढंच म्हणाल्या.

मी ठराव, अहवाल मागितले. त्यांनी चोळीचा खण न् लाडवांचा डबा पिशवीत टाकला. "कागदं मंग पाह्यजो. उद्या हिवरखेडले चाल."

अकोटला गाडी बदलेपर्यंत त्यांनी सुरुवातीची गोष्ट सांगितली. पहिली बाई आली तेव्हा तिचे आईबाप वारलेले, भावानं दार लावून घेतलेलं. सासरचे म्हणत, तुले इचारणारं हाय कोन? मग या चौघी तिच्या मावश्या होऊन तिच्या घरी गेल्या. ओटी भरली, जेवल्या, जेवताना ती कुणाकडे बघून घास गिळते ते पाहिलं. निघताना म्हणाल्या, पोरीले माहेरपणाले नेतो. पाहुण्यांसमोर याला नाही म्हणायची सासरच्यांना लाज वाटली. बाई भांडणाशिवाय बाहेर पडली. परत जायचं का नाही, ते तिनं नंतर स्वतः ठरवलं. तेव्हापासून हीच रीत. मी कायदे पाठ केलेली पोरगी, पण असं काही कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

हिवरखेडच्या पोरीनं शेजारणीच्या फोनवरून निरोप दिला होता. तिला निघायचं होतं, पण दोन वर्षांच्या लेकीला घेऊन. सासू म्हणे, तू जा कुठं जायचं तिथं, लेक इथंच राहील.

हिवरखेडला पोरीची ओटी भरून झाली, काकूंनी माहेरपणाचं काढलं, आम्ही जेवायला बसलो. सगळं छान चाललं होतं. मग पोरगी वाढायला वाकली आणि तिच्या दंडावरचा काळानिळा वळ मला दिसला. झालं! मी ताटावरून उठले आणि सभेत बोलतात तसं सुरू केलं. घरातली हिंसा, गुन्हा, शिक्षा. पिशवीतून कायद्याचं पत्रकही काढलं.

सासूनं नातीला उचलून कडेवर घेतलं. "म्हंजे तुमी पाहुण्या नाई. केस कराले आल्या!"

पोरीचा नवरा दारात जाऊन उभा राहिला. पोरीनं भांडं खाली ठेवलं आणि लेकीकडं बघितलं. माझ्यामुळं तिची लेक गेली, हे मला तेव्हा कळलं.

"बस खाली!" काकू माझ्यावर ओरडल्या. मग सासूकडं वळल्या. "आमच्याच घरची हाय, बाई. तीन स्थळं पाह्यले इच्यासाठी, तिन्ही इले पाहून पयाले. आता समजलं कावून?"

दारात जमलेल्या शेजारणी हसल्या. सासूही हसली. "हिले तं कोनी फुकटात नाई नेणार!"

मी मान खाली घातली. अपमान गिळायची मला सवय नाही, पण तो घास गिळला.

काकूंनी तेवढ्यात सासूच्या कडेवरच्या नातीपुढे हात पसरले. "नात पहिल्यांदा आजोळी चालली. गावातून अशीच नेऊ काय उघडीबोडकी? चांगलं झबलं घाला तिले."

शेजारणी बघत होत्या. सासू आत गेली आणि स्वतःच्या हातानं नातीची कपड्यांची पिशवी भरून घेऊन आली. लेकरू त्या घरातून नेता यावं म्हणून मी कोर्टात किती वर्षं घालवली असती?

"चार दिवसांत आनून देसाल ना?" नवऱ्यानं विचारलं.

"तिचं मन झालं का येईन," काकू म्हणाल्या. एवढ्या सगळ्यात त्या खोटं एकदाही बोलल्या नाहीत, फक्त माझी स्थळं सोडून.

गाडीत बसल्यावर पोरगी पहिल्यांदा बोलली. "हिले परत मागाले येतीन का, काकू?"

"येतीन. तवा पाहू. मी हाय."

पोरीनं लेक काकूंच्या मांडीवर दिली, खिडकीच्या गजाला डोकं टेकलं, आणि गाव मागं पडायच्या आत तिला गाढ झोप लागली. तोंड उघडं, हात सैल. माणूस इतक्या लवकर झोपू शकतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं.