आधी हरून बघायचं

व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिणं हे माझं काम. काल नव्या कन्सोलचं खोकं उघडलं आणि कोऱ्या प्लास्टिकच्या वासाने मला थेट झाशीच्या बडा बाजारात नेलं, गेमच्या कॅसेटी भाड्याने देणाऱ्या त्या चिंचोळ्या दुकानात.

लहानपणी एका दुपारी आत्या मला हाताला धरून तिथे घेऊन गेली होती. कॅसेट नेण्याआधी दुकानातच खेळून बघता यायची. आत्याने एक कॅसेट लावली आणि पडद्यावरच्या आपल्या शिपायाला पहिल्याच खड्ड्यात मुद्दाम ढकललं. दुसरी कॅसेट लावली, पुन्हा तेच.

“दीदी, ऐसे तो मर जाओगी!” दुकानदार हसला.

“वही तो देखना है, भैया.” मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, “जिंकणाऱ्याशी सगळेच गोड वागतात गं. हरलेल्याला खेळ कसा वागवतो, ते बघायचं.”

पहिल्या खेळाने आम्हाला पार सुरुवातीला फेकलं होतं. दुसऱ्याने पडलो तिथेच पुन्हा उभं केलं. तोच आम्ही घरी नेला.

शर्यतीचा असो की लढाईचा, आजही प्रत्येक गेम मी आधी हरून बघते. आत्याइतका चोख परीक्षक मला अजून भेटलेला नाही.

त्या दुकानात गेलो त्याच दिवशी सकाळी मी सातवीत नापास झाले होते. घरात माझ्याशी कोणीच बोलत नव्हतं, एक आत्या सोडून.