गल्लीच्या तोंडापर्यंत

गणपतीला कुणी "कसं काय?" म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "नाद खुळा." फौंड्रीत मोल्डिंगचं काम करत होता तेव्हाही हेच, आणि अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडल्यावरही हेच. उचगावातल्या त्यांच्या गल्लीत लोक मुद्दाम हाक मारून विचारायचे आणि उत्तर ऐकून हसत पुढे जायचे. बायकोला, बाळाबाईला, आधी या उत्तराचं कौतुक वाटायचं. पेन्शन बंद पडल्यापासून मात्र तिला त्याची धास्ती बसली होती.

झालं होतं ते असं. गणपतीकडं सरकारी दवाखान्याचा अपंगत्वाचा दाखला होता, कायमचा. त्यावर त्याला दरमहा पेन्शन लागली होती. मग एकदा पडताळणी निघाली. लाभार्थी जिवंत आहे का, आहे त्या अवस्थेत आहे का, हे बघायला तालुक्याच्या ऑफिसातून जयपाल नावाचा माणूस घरोघर फिरला. तो आला तेव्हा बाळाबाई खानावळीत भाकऱ्या थापत होती. गणपती घरात एकटाच. जयपालनं कसं काय विचारलं, गणपतीनं त्याचं उत्तर दिलं. शेजारणीला हाक मारून चहा मागवला. आणि जयपाल निघाला तेव्हा गणपती उठला. आल्या पावण्याला उंबऱ्यातनं वाटेला लावायची त्या घरात रीत नव्हती. भिंत धरत, पाय ओढत तो त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेला.

जयपालनं पाहिलं ते लिहिलं. लाभार्थी मदतीशिवाय चालतो, तक्रार नाही.

पैसे यायचे थांबले. सरकारी पैसा, मागंपुढं व्हायचाच, असं म्हणत बाळाबाईनं काही महिने काढले. मग बँक, मग तालुक्याचं ऑफिस. तिथल्या खिडकीतल्या माणसानं सांगितलं, कशाला जुनं उकरताय, नवा अर्ज भरा, पटकन होईल. तिनं भरला. दवाखान्यात परत तपासणी झाली आणि पेन्शन सुरूही झाली, पण नव्या मंजुरीच्या महिन्यापासून. मधल्या महिन्यांचं काय, म्हणून तिनं लेखी विचारलं, तर उत्तर आलं की प्रकरण नवीन असल्यानं मागील काळाची रक्कम देता येत नाही.

ते उत्तर घेऊन ती रूपालीकडं गेली. रूपाली चौकात ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं केंद्र चालवायची. तिनं कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

"मामी, 'नवा अर्ज' म्हटलं तिथंच आपण फसलो. नवं म्हटलं की जुनं मेलं. बंद पडलेलं चालू करा, असं म्हणायला पायजे होतं."

मग रूपालीनंच वरच्या अधिकारी मॅडमकडं अपील लिहून दिलं. माणूस तोच, दाखला तोच, हात तोच, मग प्रकरण नवं कसं, एवढंच त्यात नीट भाषेत मांडलेलं होतं.

बाळाबाईला त्या मधल्या पैशांची गरज साधीसुधी नव्हती. पेन्शन बंद असताना गणपतीच्या औषधाला आणि मालिशला तिनं बचत गटातनं कर्ज उचललं होतं आणि त्याचे हप्ते तुंबले होते. ते मिटल्याशिवाय बँक गटातल्या कुणालाच नवं कर्ज देणार नव्हती, आणि पुढचा नंबर धोंडुबाईचा होता. पिठाची गिरणी घालायची म्हणून तिनं जागासुद्धा ठरवून ठेवली होती. धोंडुबाई तोंडानं काही बोलायची नाही. फक्त नळावर बाळाबाई आली की आपली घागर उचलून निघून जायची. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

सुनावणीचं पत्र आलं. अर्जदाराने समक्ष हजर राहावे. त्या दिवसापासून रोज भाकरी वाढताना बाळाबाई नवऱ्याला पढवायची. मॅडमनी विचारलं तर ते तुमचं नेहमीचं बोलू नका. कुणी आलं तर उठू नका. आधी गणपती नुसता हुं म्हणायचा. एक दिवस त्यानं ताट सारलं.

"मग काय मड्यागत बसू? अजून जित्ता हाय की मी."

"जित्तं हायसा हे ठाव हाय त्यास्नी. धडधाकट न्हाईसा, ते ठाव न्हाय."

दोघंही मग जेवले नाहीत.

सुनावणीच्या दिवशी ओळखीची रिक्षा सांगितली होती. रूपालीही बरोबर आली. कोल्हापुरात ऑफिसच्या आवारात शिरल्यावर कळलं की सुनावणी वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. बाळाबाई शिपायाला विचारायला गेली. वळून बघते तर गणपती रिक्षातनं उतरून कठड्याला डावा हात टाकून पहिल्या पायरीशी उभा. आणि पायऱ्यांच्या वर, व्हरांड्यात, तालुक्याच्या ऑफिसात तिनं बघून ठेवलेला जयपाल.

ती धावली आणि नवऱ्याच्या पुढ्यात आडवी उभी राहिली. हा जिना चढून गेला, की संपलंच. मग कुठला दाखला आणि कुठलं अपील.

"चढू नका. पाया पडते, चढू नका."

जिन्यावरनं उतरणारा एकजण म्हणाला, "काय मावशी, मालकाला कोंडून घालताय व्हय?" दोन माणसं हसली. गणपतीची मान लाल झाली. तो मागं फिरला आणि रिक्षात जाऊन बसला. त्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

वर मॅडम फायली चाळत होत्या. अर्जदार कुठे आहेत, त्यांनी विचारलं. रूपालीनं सांगितलं की ते खाली आहेत, त्यांना जिना चढता येत नाही. जयपाल बाजूला उभा होता. तो वाईट माणूस नव्हता, पण आपलं लिहिणं खोटं ठरतंय हे त्याला सहन होत नव्हतं. तो म्हणाला, मॅडम, मी यांना माझ्या डोळ्यांनी चालताना बघितलंय, आत्तासुद्धा पायरीशी उभे होते.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, चला, आपणच खाली जाऊ.

बाळाबाईला वाटलं, आता हा माणूस उठणार. बाई माणूस, त्यात साहेब, चालत येतेय म्हटल्यावर हा उठल्याशिवाय राहायचा नाही. पण गणपती बसून राहिला. एवढी ओळखीची गोष्ट त्यानं केली नाही म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं, तर उलट काळजात काहीतरी तुटलं.

मॅडम रिक्षाशी उभ्या राहिल्या. त्या दिवशी तुम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेलात, हे खरं का, त्यांनी विचारलं.

"व्हय, गेलतो."

बाळाबाईनं डोळे मिटले.

"मदतीशिवाय?"

"भिंत हुती की." मग गणपती रिक्षाच्या मीटरकडं बघत म्हणाला, "गेलतो. पर परत आलो न्हाय."

म्हणजे काय, हे कुणालाच कळलं नाही.

"ह्यो साहेब गाडी काढून गेला. मी फिरलो आन् पाय उचलंना. भिंतीला टेकून हुबा ऱ्हायलो. येनारंजानारं कसं काय, म्हनत हुतं, मी त्यास्नी उत्तर देत हुतो. मग खाली बसलो, ते उठता ईना. माझा दोस्त पिराजी भाजीचा गाडा घेऊन आला. त्यानं मला गाड्यावर घातलं आन् घरात आणून टाकलं."

बाळाबाई त्याच्याकडं बघत राहिली. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा तो खाटेवर बसून बातम्या बघत होता. पावणा आलता, चहा पाजून लावला, एवढंच त्यानं सांगितलं होतं.

याला कुणी साक्षीदार, म्हणून मॅडमनी विचारलं. गणपती म्हणाला, पिराजी आहे, पण तो सांगायचा नाही. "त्याला शप्पथ घातलीया मी. बाबासाहेबांची."

रूपालीनं फोन लावला आणि आवाज मोठा केला. मॅडमनी आपण कोण ते सांगून विचारलं.

"कोन गणपती? न्हाय बा," पिराजी म्हणाला. "मला कायबी म्हाईत न्हाय. चांगला हिंडता-फिरता मानूस हाय त्यो. एकदम खणखणीत."

जयपालनं खाली मान घालून रुमालानं तोंड पुसलं. सगळं हातातनं गेलं होतं, आणि ते घालवलं होतं मैत्रीनं. बाळाबाईनं नवऱ्याचा लुळा हात धरला.

"सुटली म्हना," ती म्हणाली. "अवं, शप्पथ सुटली म्हना त्यास्नी."

रूपालीनं फोन गणपतीच्या तोंडाशी नेला. भर आवारात, चार अनोळखी माणसांसमोर, पोरं गोट्या खेळताना म्हणतात तो शब्द म्हणायचा होता.

"पिराजी, जय भीम. मी गणपती. सुटली."

"नक्की सुटली का?"

"सुटली म्हन्तोय की."

"हां, मग ऐका मॅडम," पिराजी म्हणाला आणि धरणाचा दरवाजा उघडावा तसा सुटला. गणपती गटारीच्या कडेला कसा पडला होता, विजार कशी भिजली होती, काखेत हात घालून त्याला कसा उचलला. "गवारीवर बसवलंतं त्याला. कोथमिरीची तर पार चटणी झाली. पैसं देतो म्हन्ला, मी न्हाय घेतलं. आन् रडत हुता ओ मॅडम, पर ते लिवू नका."

मॅडमनी ते लिहिलं नाही. बाकीचं लिहून घेतलं. जयपालला त्यांनी एकच विचारलं, यांना परत येताना तुम्ही पाहिलं होतं का. जयपाल म्हणाला, नाही, मी गाडी काढली होती. मग त्यानं पुढं सांगितलं, की गल्लीच्या तोंडाशी यांना घाम आला होता, ते लिहायला हवं होतं.

आदेश वर जाऊन टाइप झाला. रूपाली तो घेऊन खाली आली तेव्हा बाळाबाईनं तिला तिथंच वाचायला लावला. लाभ चुकीच्या अहवालावरून बंद झाला असून तो बंद झालेल्या महिन्यापासून देय आहे. बाळाबाईनं परत वाचायला लावला. "बंद झालेल्या महिन्यापासून" या शब्दांवर बोट ठेवून हे नक्की तेच आहे का, विचारलं. पैसे कधी येतील, परत कुणी पडताळणीला आलं तर काय, त्यात नवं असं कुठं लिहिलं नाही ना. रूपालीनं तिच्या हातावर हात ठेवला.

परत आल्यावर रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. बाळाबाईनं बघितलं, नळाला पाणी आलं होतं, सगळ्या बायका तिथंच होत्या, धोंडुबाईसुद्धा. कुणीतरी नेहमीसारखं लांबनंच विचारलं, "काय गणपतीमामा, कसं काय?"

गणपतीनं उत्तर दिलं नाही. "बाळे," तो म्हणाला, "हिकडनं ये. उतरव मला."

ती रिक्षाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेली.