गाडी अडखळते, रेखाताई नाही

राग आला की रेखाताई पाटणकर आवाज चढवत नाहीत, चष्मा काढून पुसायला घेतात. अमेरिकेत, सनीव्हेलच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत टेस्टिंग करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं आणि तिथे चष्मा पुसण्याचे प्रसंग रोजचेच होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि ज्याने केल्या त्यालाच नेऊन दाखवायच्या, असं ते काम. तो पोरगा स्वतःच्या मशीनवर एकदा बटण दाबून बघणार आणि म्हणणार, रीप्रोड्यूस होत नाही. म्हणजे माझ्याकडे असं काही घडत नाही, तुमचंच काहीतरी चुकलं असेल. मग रेखाताई त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या आणि आधी हे उघड, आता ते दाब, आता थांब, असं करत ती चूक त्याच्याच हातून घडवून दाखवायच्या. रिटायर झाल्यावर ही कटकट संपली असं त्यांना वाटलं होतं.

कुठली संपतेय. ती घरात आली, आणि तीही पोटच्या पोराकडून.

झालं असं की दिवाळीला अमेयने आईला कोरी गाडी घेऊन दिली. आधीची गाडी जुनी होती, दाराला खरचटलेलं होतं, पण ती रेखाताईंच्या पायाचं ऐकायची. ती त्याने आईला न विचारता परस्पर देऊन टाकली, आणि याला म्हणायचं सरप्राइज. नव्या गाडीत ड्युअल क्लच गिअरबॉक्स होता. अमेयने मोठ्या कौतुकाने समजावून सांगितलं की आत दोन क्लच असतात, एका क्लचवर गाडी चालू असताना दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो, त्यामुळे गिअर कधी बदलला ते कळतसुद्धा नाही.

फ्रीवेच्या सलग वेगात ते खरंही होतं. पण रेखाताईंना फ्रीवेवर जायचंच नव्हतं. त्यांना रोज दुपारी शेजारच्या क्युपर्टिनोला जाऊन नातीला, ऋताला, शाळेतून आणायचं असायचं. शाळा चढावर, आणि मुलांना न्यायला आलेल्या गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकणारी. तिथे या हुशार गिअरबॉक्सची अक्कल चरायला जायची. पहिला ठेवू की दुसरा या विचारात गाडी ढिम्म उभी, ॲक्सिलरेटरचं पेडल जरा दाबलं की एकदम उसळी, मग ब्रेक, मग परत तेच. वर थरथर. आणि कधीकधी जळका वास.

तो वास रेखाताईंच्या ओळखीचा होता. नागपूरला वडिलांच्या जीपवर शिकताना त्या चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायच्या, तेव्हा असाच वास सुटायचा आणि वडील ओरडायचे, क्लच जाळतेस का. इथे तर क्लचचं पेडलच नव्हतं. जाळणारी गाडी, आणि बोलणी मात्र यांना.

कारण एक दिवस अमेय शेजारी बसून शाळेपर्यंत आला आणि त्याची कॉफी त्याच्याच शर्टावर सांडली. तो नुसता आईच्या पायांकडे बघत राहिला. गाडीत दोष आहे, असं रेखाताई म्हणाल्या तेव्हा तो त्यांना घेऊन सर्व्हिस सेंटरला गेला. तिथल्या माणसाने मागच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी फिरवून आणली आणि सांगितलं की काही बिघाड नाही, हा गिअरबॉक्स असाच वागतो, वयस्कर लोकांना सवय व्हायला वेळ लागतो. हे त्याने सांगितलं अमेयला. गाडी रेखाताई चालवतात, प्रश्न रेखाताईंनी विचारला, त्या समोर उभ्या, आणि उत्तर त्यांच्या डोक्यावरून मुलाला. रेखाताईंनी तिथेच चष्मा काढला.

परत येताना अमेयने स्वतः गाडी चालवली, अर्थातच फ्रीवेवरून. "स्मूथ आहे, आई," तो म्हणाला. "मला तर काहीच जाणवलं नाही."

मग त्याने डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. मेमरी, रिफ्लेक्सेस, सगळं एकदा चेक करून घेऊ म्हणाला. तेही रेखाताईंनी गिळलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी ऋताचा फोन आला. "आजी, डॅड सेज आय कान्ट राइड विथ यू. आर यू सिक?"

फोन ठेवून रेखाताई खाली पार्किंगमध्ये गेल्या, बंद गाडीत बसल्या आणि ब्रेकवरून पेडलवर, पेडलवरून ब्रेकवर पाय हलवून बघायला लागल्या. पाय थरथरतोय का? नव्हता थरथरत. आपल्याला स्वतःचाच पाय असा तपासावा लागला, याचा त्यांना जो संताप आला तो आजवर कुठल्याही पोरट्या इंजिनिअरचा आला नव्हता. त्यांनी अमेयला फोन लावला. डॉक्टरकडे मी येते, पण त्याआधी ऋताला तू आणायचंस, माझ्या गाडीतून, आणि मी शेजारी बसणार.

तो कुरकुरत आला. रांगेत शिरल्यावर रेखाताईंनी चष्मा नीट बसवला.

"ब्रेक सोड. पेडल हलकंच. पुढची थांबली, थांब. आता परत."

गाडी ढिम्म राहिली आणि मग अशी उसळली की पुढच्या गाडीला लागता लागता वाचली. अमेयने खाडकन ब्रेक मारला. परत तेच, परत तेच. नारिंगी जॅकेट घालून रांग सांभाळणारी एक स्वयंसेवक आई काचेपाशी येऊन त्याला बरं वाटतंय ना, असं काळजीने विचारून गेली. अमेयचे कान लाल झाले. शाळेच्या दाराशी पोचेपर्यंत वास गाडीभर झाला होता. ऋता मागे बसली, पट्टा लावला, आणि दोन धक्क्यांनंतर म्हणाली, "डॅड, यू ड्राइव्ह जस्ट लाइक आजी."

तेवढ्यात समोर लाल अक्षरं उमटली: गिअरबॉक्स फार गरम झालाय, गाडी थांबवा. अमेयने ती कशीबशी कडेला घेतली.

"आई, गाडीतच प्रॉब्लेम आहे यार."

"हे मी दिवाळीपासून सांगतेय."

"तेव्हा माझ्या लक्षात नाही आलं."

"आज तुला धक्के बसले तर लगेच गाडीत प्रॉब्लेम," रेखाताई म्हणाल्या. "मला बसत होते तेव्हा तो माझ्या डोक्यात होता. एकदा तरी वाटलं का तुला, की आई म्हणतेय ते खरं असेल?"

 अमेयने फोन काढला आणि अपॉइंटमेंट कॅन्सल करतो म्हणाला.

"ती नंतर कर. आधी मागे वळ आणि ऋताला सांग. तिला वाटतंय मी आजारी आहे."

अमेय मागे वळला.  "ऋता, आजी इज फाइन," तो म्हणाला. "आय वॉज राँग. तू आजीबरोबर जाऊ शकतेस."

"आय न्यू दॅट," ऋता म्हणाली.

रेखाताईंनी दार उघडलं, ऋताचं दप्तर खांद्याला लावलं आणि तिचा हात धरला. ऋताचं घर तसं लांब होतं, पण उतार होता. "सर्व्हिसवाल्याला इथे बोलाव," त्या अमेयला म्हणाल्या. "याच रांगेत, याच वेळेला. आणि चालवायला त्यालाच बसव." मग पुढची गाडी मी निवडणार, असं सांगून त्या नातीला घेऊन चालायला लागल्या. थोडं पुढे गेल्यावर ऋताने विचारलं, आजी, तू रडतेयस का. रेखाताईंनी चष्मा काढला आणि पदर नव्हता म्हणून स्वेटरच्या बाहीला पुसला.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "मला राग आलाय."