रंभाची कुलफी आणि सांडलेलं मीठ

खर्डीच्या बाजाररस्त्यावर रंभाची कुलफीची गाडी उभी असते. गाडी मूळची तिच्या नवऱ्याची, अनंताची. गेल्या वर्षी अनंता तापाने गेला आणि गाडी पडवीत ताडपत्रीखाली पडून राहिली. दीर ती विकायला टपलेलाच होता. रंभा कसली ऐकते! तिने शेजारच्या दिपालीच्या हळदीला कुलफी द्यायचं काम मागून घेतलं. ते जमलं तर गाडी पुन्हा फिरणार, नाहीतर गेली.

आणि जमेना. दूध आटवलं, साखर घातली, साचे भरून माठातल्या बर्फात पुरले, माठ गदागदा हलवला. उघडलं की आत थंडगार बासुंदी. पाणी ज्या गारव्याला गोठतं, त्या गारव्याला साखर विरघळलेलं दूध गोठत नाही. त्याला बर्फाहूनही गार काहीतरी लागतं. बर्फात मीठ कालवलं की तो वितळू लागतो आणि वितळता वितळता आणखी गार होत जातो. ते खारं पाणी शून्याखाली गेलं तरी पाणीच राहतं. शाळेत आपण सगळेच हे पाठ करतो आणि विसरून जातो.

रंभा विसरली नव्हती. मीठ ओंजळी ओंजळी लागतं हे तिला चांगलं माहीत होतं. तरी ती चिमटी चिमटीनेच टाकत होती, कारण ओट्यावर सासू बसलेली. सकुबाईच्या घरात मीठ वाया घालवत नाहीत. सांडलेला खडान्‌खडा मेल्यावर डोळ्यांच्या पापण्यांनी वेचावा लागतो, असं तिने सुनेला आल्या आल्याच बजावलं होतं. म्हणून तर अनंता घरी कधी माठ भरत नसे. तो बर्फाच्या कारखान्यामागे भरायचा आणि खारं पाणी तिथल्याच गटारात ओतून यायचा. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. आता गेलेल्या लेकाची चहाडी त्याच्या आईकडे कुणी करायची? मला विचाराल तर मीही केली नसती. नासली कुलफी तर नासू दे.

पण हळदीच्या दिवशी सकाळीही माठातून पातळच निघालं, तेव्हा रंभा सासूपाशी येऊन बसली.

"आत्या, मीठ कमी पडतंय," ती म्हणाली. "हे पिशवी-पिशवी टाकायचे. मंग गटारात ओतायचे."

"कोन, अनंता?"

"हां. तुमाला सांगू नको बोललेले."

आता या घरात आपल्याला थारा नाही, असं रंभाला वाटलं. तेवढ्यात म्हातारी उठली, आत गेली, मिठाची बरणी घेऊन आली आणि तिने ती माठात पालथी केली. हलवायलाही स्वतःच बसली.

बऱ्याच वेळाने रंभाने एक साचा काढून तळहातात चोळला. कुलफी घट्ट, अख्खी बाहेर आली. रंभाला रडू फुटलं.

"माज्यामुलं तुमाला पाप लागलं, आत्या."

"तुज्यामुलं कसलं?" सकुबाई माठ हलवतच राहिली. "इतक्या वर्सांचं सांडलंय त्यानं. एकट्याच्यानं कवा वेचून व्हायचं? मी जाईन तवा बसन त्याच्यासंगं. तू मीठ घाल."